किनारा-वही: अमळनेरहून समुद्राचे पक्षी पाहायला जाण्याच्या नोंदी

अमळनेरहून समुद्र लांब आहे. आम्ही पक्षी बघतो ते बोरी नदीच्या पात्रात, शेततळ्यांवर आणि वर्षातून दोनदा हतनूरच्या धरणावर. पण लग्नकार्याला मुंबई, सुरत, कोकण होतंच प्रत्येकाचं, आणि जाऊन आलेला प्रत्येक जण एकच सांगतो, गेलो होतो पण काही दिसलं नाही. म्हणून यंदा ठरवलं की किनाऱ्यावरच्या पक्ष्यांच्या जागांची एक छोटी वही करायची, आपल्या खान्देशातल्या माणसासाठी, आणि सोबत चार-पाच पुस्तकांची एक पेटी, जी जाणाऱ्याने न्यायची आणि परत आणून द्यायची. तिघं आहोत, मी, माझा कॉलेजातला भाचा आणि रिटायर झालेले ड्रॉइंगचे सर. मी जिनिंगमध्ये अकाउंट बघते, आणि कापसाचा सीझन नेमका नोव्हेंबर ते जानेवारी, म्हणजे पक्ष्यांचाच सीझन, त्यामुळे रविवारशिवाय काही हाताशी नाही. पुढे कोणाला असंच काही करायचं असेल तर आमचा वेळ आणि पैसा कुठे गेला ते कळावं म्हणून लिहून ठेवतेय.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार. हतनूर

पक्षी सप्ताह चालू आहे, ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा वाढदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा, त्यामधला आठवडा. सरांचं म्हणणं की समुद्रावर जायच्या आधी हात बसवायला हतनूरला जाऊ. बरोबर होतं ते. तापी आणि पूर्णेचा संगम तिथे चांगदेवजवळ, धरणामागे पाणी पसरट, आणि काठच्या चिखलात जे छोटे पक्षी पळतात ना, त्यांचेच भाऊबंद समुद्रावर हजारांनी असतात.

आम्ही सवयीप्रमाणे बदकांकडेच बघत बसलो. चक्रवाक, थापट्या, नदी सुरय, हे सगळं ओळखीचं. काठावरच्या चिखल्यांकडे दुर्बीण वळवली तेव्हा कळलं की आपल्याला यातलं काहीच येत नाही. दीड तासात सहा पक्ष्यांवर वाद आणि एकावरही एकमत नाही. परत येताना गाडीत कोणी फार बोललं नाही.

खर्च: पेट्रोल, चहा, नाश्ता मिळून १,४००.

१७ नोव्हेंबर. पुस्तकं

आज फक्त पुस्तकं. घरात सालिम अलींचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आहे, १९४१ ला पहिल्यांदा आलं ते, आमच्याकडची नंतरची आवृत्ती, सासऱ्यांनी घेतलेली. वाचायला त्याच्यासारखं पुस्तक नाही, पक्षी कसा वागतो, कुठे बसतो, कसा ओरडतो हे दोन ओळीत डोळ्यासमोर उभं करतात. पण चिखलातले पक्षी त्यावरून वेगळे करायला गेलो तर अडलो, कारण एका पक्ष्याचं एक चित्र, आणि तोच पक्षी उन्हाळ्यात वेगळा, हिवाळ्यात वेगळा, पिल्लू असताना तिसराच.

पहिली चूक इथे झाली. भाच्याने ऑनलाइन फोटोंचं एक चकचकीत पुस्तक मागवलं, ९५० रुपये. फोटो सुंदर आहेत, पण बहुतेक विणीच्या पिसाऱ्यातले, लाल-तांबूस छातीचे. आपल्याकडे हे पक्षी येतात ते हिवाळ्यात, करडे-मातकट होऊन. रंग बघून ओळखायला गेलं की माणूस हमखास चुकतो. म्हणजे ते ९५० रुपये वाया. पुस्तक पेटीत ठेवलंय पण पहिल्या पानावर सरांनी मोठ्या अक्षरात लिहिलंय, "किनाऱ्यावर नेऊ नका".

मग जळगावच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याचं 'बर्ड्स ऑफ द इंडियन सबकॉन्टिनेंट' जुनं घेतलं, दुसरी आवृत्ती, १,३०० रुपये. यात चित्रं आहेत, आणि वेडर पक्ष्यांना हिवाळी पिसारा, विणीचा पिसारा, उडतानाचं, असं सगळं एका पानावर, समोर माहिती आणि नकाशा. वेडर म्हणजे चिखलात चालून खाणारे हे सगळे लांब पायाचे. मराठीत सगळ्यांना मिळून सोपा शब्द सापडला नाही म्हणून वहीत वेडरच ठेवलाय. पुस्तक जड आहे, गळ्यात अडकवून फिरता येत नाही, पण गाडीत असलंच पाहिजे. खिशासाठी काझमिएरचाकचं छोटं फील्ड गाइड मिळालं ९०० ला, तेही जुनंच.

पेटीत चितमपल्लींचा 'पक्षिकोश' वाचनालयातून ठेवणार आहोत, मराठी आणि गावोगावच्या नावांसाठी. पुस्तकांचे एकूण ३,१५०.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पामेला रासमुसेन यांचं 'बर्ड्स ऑफ साउथ एशिया' हे दोन खंडांचं पुस्तक आम्हाला परवडलं नाही, पण रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं छोटं घुबड, शंभरहून जास्त वर्षांनी पुन्हा सापडला तो त्यांना आणि त्यांच्या दोन सोबत्यांना, २५ नोव्हेंबर १९९७ ला, आपल्या शहाद्याजवळ. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होतं. तोवर हा पक्षी संपला असंच धरून चालले होते. जगातल्या जाड्या पक्षी-पुस्तकांत खान्देशचं नाव आहे ते असं, आणि आमच्याकडच्या पोरांना ते माहीत नाही. वहीच्या आतल्या मुखपृष्ठावर रानपिंगळ्याचं चित्र टाकायचं ठरलं, किनाऱ्याचा पक्षी नसला तरी.

१ डिसेंबर, रविवार. शिवडी

रात्री जळगावहून निघालो, पहाटे दादर. मावसबहिणीकडे लालबागला अंघोळ, पोहे, गप्पा, आणि शिवडीच्या जेट्टीवर पोचलो तेव्हा सव्वाअकरा. समोर पाणी. नुसतं पाणी, भिंतीपर्यंत आलेलं, डुचमळणारं. ज्या चिखलाचं नाव ऐकून साडेतीनशे-चारशे किलोमीटर आलो तो चिखल पाण्याखाली. डोक्यावर अटल सेतू गेलेला, दूर खारफुटीच्या कडेला काही बगळे आणि एक ब्राह्मणी घार. भाचा पुस्तक उघडून बसला होता, त्याने ते हळूच मिटलं.

तिथे एक म्हातारे कोळीबाबा होडीचं काही ठोकत बसले होते. त्यांनी विचारलं, घड्याळ बघून आलात की पाणी बघून? आणि मग त्यांनीच सांगितलं, आज अमावस्या, बारा वाजता भरती पूर्ण, पक्षी बघायचे तर एक तर सकाळी लवकर यायचं नाहीतर आता तीन-साडेतीनपर्यंत थांबायचं. पहाटे सहाला ओहोटी होती. तेव्हा आम्ही दादरला उतरत होतो, टॅक्सी करून सरळ आलो असतो तर उजाडताच चिखल उघडा मिळाला असता.

थांबलो. तीननंतर पाणी मागे सरकायला लागलं तशी चिखलाची एक चकचकीत पट्टी वर आली आणि कुठून कोण जाणे, दहा मिनिटांत त्यावर पक्षी उतरले. शेकाट्या, कुरव (सीगल), छोटे वेडर. रोहित (फ्लेमिंगो) मात्र लांबवर एक गुलाबी रेघ, तीस-चाळीस असतील. मोठा की छोटा हे चोचीवरून कळतं, मोठ्या रोहितची चोच गुलाबी आणि टोक काळं, छोट्याची जवळजवळ पूर्ण गडद. आमच्या ८×४२ दुर्बिणीतून ते दिसणं शक्यच नव्हतं. पाचची लोकल पकडायची होती म्हणून ऐन रंगात निघालो.

खर्च तिघांचा ४,३५०. बघायला मिळालेला वेळ दीड तास.

३ डिसेंबर. तिथीची पाऊणपट

कोळीबाबांनी निघताना जे सांगितलं ते आज कॅलेंडर घेऊन बसून पाहिलं. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून सविस्तर लिहिते.

तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता मुंबईकडे भरती पूर्ण. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजणी परत एकपासून. दिवसा जी वेळ तीच साधारण रात्री, आणि दोन भरतींच्या मधोमध, सहा-सव्वासहा तासांनी, ओहोटी. आपल्याकडे घरोघरी कॅलेंडर टांगलेलं असतं, चतुर्थी-एकादशी बघायला रोज त्याच्याकडे नजर जाते, आणि त्यातच समुद्राचं वेळापत्रक आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं.

भाच्याने महिनाभराच्या छापील भरती-तक्त्याशी ताडून पाहिलं. पौर्णिमा-अमावस्येच्या बाजूला वीस-पंचवीस मिनिटांचा फरक, अष्टमी-नवमीला तासाभराच्या घरात. म्हणजे घरी दिवस ठरवायला पाऊणपट पुरते, निघायच्या आधी तक्ता बघायचाच.

आणि पाणी कुठे असताना जायचं? पूर्ण भरतीला चिखल बुडालेला, पक्षी मिठागरांवर नाहीतर खडकांवर विश्रांतीला गेलेले. पूर्ण ओहोटीला चिखल इतका लांबवर उघडा की पक्षी ठिपक्याएवढे. मधली वेळ खरी. भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास सगळ्यात चांगले, कारण चढतं पाणी पक्ष्यांना आपल्याकडे ढकलत आणतं, आपण एका जागी शांत बसायचं.

१५ डिसेंबर. यादी कापली

आधी बावीस जागांची यादी होती, इंटरनेटवरून उतरवलेली. आज अर्ध्याहून जास्त काढल्या. कर्नाळा काढलं, अभयारण्य सुंदर आहे पण ते जंगल, किनारा नाही. ज्या जागांवर ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी भरायच्या ॲपवर, दोन-तीन वर्षांत कोणाची नोंदच नाही त्या काढल्या. ठेवल्या त्या अशा: शिवडी, ऐरोलीहून ठाणे खाडी, जी २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली, भांडुपचा पंपिंग स्टेशनचा रस्ता, उरणचा पाणजे परिसर, अलिबागजवळ आक्षी, वेळास, वेंगुर्ले, आणि गुजरातेत सुरतेजवळ डुमस. वाटेत सरावासाठी हतनूर आणि निफाडजवळचं नांदूर मधमेश्वर, महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा तीच, २०२० ला जाहीर झालेली.

वेंगुर्ल्याच्या खडकांवर बराच वाद झाला. समुद्रातली ती बेटं, तिथे पाकोळ्या लाळेने घरटी बांधतात आणि सुरय वीण करतात. त्या घरट्यांची चोरी व्हायची, परदेशात ती खायला विकली जातात. भाच्याला पान हवं होतं, सर म्हणाले पान टाकलं की आपला माणूस होडी करून वर चढायला बघणार. शेवटी पान ठेवलं पण त्यावर रस्ता नाही, फक्त तिथे काय आहे आणि का उतरायचं नाही एवढंच. मला ते पटलं.

जिथे आम्ही स्वतः गेलो नाही त्या पानाच्या कोपऱ्यात "ऐकीव" असा शिक्का मारायचा हेही ठरलं.

२९ डिसेंबर, रविवार. डुमस

मी आणि भाचा. अमळनेरहून रात्रीच्या गाडीने उधना, तिथून रिक्षाने डुमस. निघताना सासरे नाना म्हणाले, "तठे आपली तापीच जास ना व माय." खरंच, हतनूरच्या दारांतून सुटलेलं पाणी शेवटी तिथेच समुद्राला मिळतं. नाना आयुष्यात कधी समुद्रावर गेलेले नाहीत.

चतुर्दशी होती. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणून आठला पोचायचं म्हणजे चढतं पाणी मिळेल, असा हिशोब. आठला पोचलो तर पाणी दिसेचना. काळी वाळू, पुढे काळाकरडा गाळ, आणि त्याच्याही पुढे धुक्यात काहीतरी हलतंय. हिशोब मुंबईचा होता. खंभातचं आखात आत निमुळतं होत जातं, तिथे भरतीची लाट उशिरा पोचते आणि उंचही जास्त चढते, हे आम्ही नंतर वाचलं. त्या दिवशी पाणी परत यायला लागलं तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते आणि भरती पूर्ण झाली एकनंतर. म्हणजे पाऊणपटीपेक्षा दोन तासांहून जास्त उशीर.

वाट बघवेना म्हणून भाचा चपला घालून गाळात पुढे गेला, त्याला कर्ल्यू दिसला होता, लांब वाकड्या चोचीचा. वरून कडक वाटणारा गाळ आत लोण्यासारखा. साठ-सत्तर पावलांवर त्याचा पाय गुडघ्यापर्यंत गेला, ओढला तर पाय आला, चप्पल आत राहिली. तो वाकून चप्पल शोधतोय आणि मागून एक भजीवाले काका जोरात ओरडले, "पुढे नको जाऊ रे भो, पानी ई राह्यनं!" अहिराणी! सुरतेत आपली माणसं किती आहेत ते माहीत होतं, पण त्या क्षणी ते शब्द कानावर पडले आणि माझे हातपाय कापायला लागले, कारण तोवर मला पाणी येतंय हे दिसलंच नव्हतं. लाट अशी येत नाही तिथे, गाळातल्या छोट्या छोट्या नाळांतून पाणी आधी मागून शिरतं, तुमच्या पाठीमागची नाळ भरते आणि समोर अजून कोरडं असतं. भाचा पोटावर भार टाकून, हात टेकत बाहेर आला. काका शिंदखेड्याकडचे निघाले. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला, पैसे घेतले नाहीत.

मग अकरा ते साडेबारा आम्ही त्यांच्या गाडीमागे काठावर बसूनच पाहिलं, आणि पाण्याने पक्षी खरंच आमच्याकडे आणून दिले. ब्लॅक-टेल्ड गॉडविटचा, लांब चोचीच्या एका वेडरचा, थवा उडाला तेव्हा पंखावरची पांढरी पट्टी आणि काळी शेपटी दोन्ही स्वच्छ दिसलं. बार-टेल्डला ती पट्टी नसते. हे मी पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं, पण लक्षात राहिलं ते त्या दिवशी.

खर्च १,६८०, चप्पल वेगळी. वहीत डुमसच्या पानावर सगळ्यात वर, जाड चौकटीत: गाळात उतरायचं नाही, मुंबईची वेळ धरायची नाही.

१२ जानेवारी २०२५. पहिली छपाई फुकट

घाई केली. सीझन संपायच्या आत लोकांच्या हातात पडावी म्हणून गावातच ३० प्रती काढल्या. १,२६० रुपये गेले आणि एकही प्रत देण्यासारखी नाही.

काय काय चुकलं: पानं २६ होती. मध्ये पिन मारायची वही असेल तर पानं चारच्या पटीत लागतात, ते आमच्या डोक्यात नव्हतं, छापणाऱ्याने दोन कोरी पानं मनानेच मध्ये टाकली आणि पुढचा सगळा क्रम बिघडला. आक्षीचा मजकूर आणि समोर उरणचा नकाशा. दुसरं, सरांनी चित्रं पेन्सिलने छान छटा देऊन काढली होती, झेरॉक्सवर करड्या पक्ष्याचा काळा गोळा झाला. ज्या पक्ष्यांना ओळखायचं तेच छटांवरून, त्यांच्या छटाच गेल्या. सरांना वाईट वाटलं, दोन दिवस ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते शाईच्या पेनने काढलेली नवी सहा चित्रं घेऊन. छटा नाहीत, फक्त रेषा, आणि ओळखायची खूण जिथे आहे तिथे बाण. केंटिश चिखल्याच्या मानेमागे पांढरी पट्टी, तिथे बाण. सँड प्लोव्हरला ती नसते, तिथे रिकामा बाण. आधीच्यापेक्षा हीच चित्रं कितीतरी कामाची.

२५-२६ जानेवारी. आक्षी

यावेळी दिवस आधी ठरवला नाही, आधी तिथी पाहिली. २६ ला रविवार, वद्य द्वादशी, बारा पाऊणे नऊ. सूर्योदय सव्वासातच्या आसपास, म्हणजे उजाडल्यापासून नऊपर्यंत चढतं पाणी, याहून चांगला योग नाही.

२५ ला दुपारी गेटवेहून मांडव्याच्या बोटीत बसलो. बोटीमागे कुरव पक्षी येतात, लोक त्यांना कुरकुरे, वेफर टाकतात. मला ते अजिबात बघवत नाही, समुद्रातला मासा खाणारा पक्षी तो, त्याला तळलेलं मीठ कशाला. पण त्यामुळे पक्षी हाताच्या अंतरावर येतात हेही खरं. हिवाळ्यात काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा कुरव दोघांची डोकी पांढरीच, कानामागे एक डाग. एक पक्षी वाऱ्यावर स्थिर होऊन बोटीच्या कठड्याबरोबर चालला होता, त्याचा डोळा फिकट होता, पिवळसर, आणि पंखाच्या काळ्या टोकात आरशासारखे दोन पांढरे ठिपके. तपकिरी डोक्याचा. सर म्हणाले, डोळा बघा, डोक्याकडे बघूच नका. ते वाक्य तसंच वहीत घातलं.

सकाळी पावणेसातला आक्षीच्या वाळूवर. दशम्या आणि लसणाची चटणी बरोबर होती ती तिथेच सुरूच्या झाडांखाली बसून खाल्ली आणि तेवढ्यात उजाडलं. जळगावहून एकाचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे स्टँडवरची एकडोळी मोठी दुर्बीण, मागून आणला होता, त्याने सगळंच बदललं. पाणी चढत होतं, पक्षी इंचाइंचाने आमच्याकडे सरकत होते. लाटेच्या कडेवर पांढुरके सँडरलिंग, लाट मागे गेली की तिच्यामागे धावायचे, लाट आली की तिच्यापुढे पळत परत, पाय दिसायचेच नाहीत इतके भराभर. सँड प्लोव्हर आणि केंटिश एकाच थव्यात, आणि सरांचे बाण तिथे उपयोगी पडले. भाच्याने एकेक करून एकतीस पक्षी वेगळे केले, हतनूरला सहावर वाद घातला होता त्या पोराने. साडेआठला चिखल जवळजवळ संपला, पक्षी वाळूच्या वरच्या पट्टीवर दाटीने बसले, चोच पाठीत खुपसून झोपले. पंचवीस-तीस पावलांवर. आम्ही कोणी हललो नाही. मग दोन मुलं बाइक घेऊन वाळूवरून गेली आणि सगळा थवा उठला.

रागावून उपयोग नव्हता. पण सैबेरियाकडून, तिबेटकडून आलेल्या पक्ष्याला दिवसातून दोनदा झोपायला एवढीच जागा मिळते आणि तीही आपण काढून घेतो, हे त्या मुलांना कोणी सांगितलेलं नसणार. वहीत त्यासाठी अर्धं पान वाढवलं.

खर्च तिघांचा ७,९००. सगळ्यात महाग फेरी आणि यावरच वही उभी आहे.

९ फेब्रुवारी. दुसरी छपाई

२८ पानं, सात चोक अठ्ठावीस, म्हणजे चारच्या पटीत. ४० प्रती, ८५ रुपयाला एक, ३,४००. प्रत्येक जागेचं पान एकाच पद्धतीने: कोणत्या तिथीला जायचं, चढतं पाणी की उतरतं, बसायचं कुठे, भरतीला पक्षी कुठे जातात, धोका काय. कसं जायचं ते सगळ्यात शेवटी, कारण तो मोबाइल सांगतो. भरतीचं कोष्टक वेगळं लॅमिनेट केलं, आक्षीला साधा कागद दोन तासात ओलसर होऊन फाटला होता. ४० कार्डं, ३० रुपयाला एक, १,२००.

नावांचा घोळ निस्तरायला चार संध्याकाळी गेल्या. पुस्तकात लेसर सँड प्लोव्हर एकच आहे, आणि ई-बर्डने २०२३ ला त्याचे दोन पक्षी केले, सायबेरियन आणि तिबेटन. आक्षीची यादी भरताना भाचा अडकला होता तो इथेच, त्याला वाटलं ॲप बिघडलं. आता त्या पानावर दोन्ही नावं आहेत. मराठी नाव जिथे सगळ्यांना माहीत आहे तिथे मराठी पहिलं, रोहित, शेकाट्या, सुरय, कुरव. जिथे तीन पुस्तकांत तीन नावं तिथे इंग्रजीच देवनागरीत, आणि शेजारी एक रेघ मोकळी, वाचणाऱ्याने आपल्या गावचं नाव लिहायला.

आजवरचा एकूण खर्च २४,३४०. तिघांत वाटून घेतला.

१६ फेब्रुवारी. पेटी गेली

ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटचा, म्हणजे जगभर एकाच वेळी चालणाऱ्या पक्षीगणनेचा, तिसरा दिवस, सकाळी बोरीच्या पात्रात पंधरा मिनिटांची यादी केली, तुतवार, टिटवी, ढोकरी, खंड्या. तुतवार हाही वेडरच, त्याच्याकडे आता आम्ही वेगळ्या नजरेने बघतो, थांबून.

दुपारी पेटी वाचनालयात नेऊन दिली. पत्र्याची जुनी ट्रंक आहे, तिच्यात चार पुस्तकं, वह्या, कार्डं आणि एक रजिस्टर. रजिस्टरमध्ये फक्त न्यायची तारीख नाही, परत आल्यावर चार ओळी लिहायच्या: तिथी, वेळ, पाणी, काय दिसलं. नानांनी पहिली प्रत हातात घेऊन डुमसचं पान उघडलं, नकाशावर तापीची रेघ बोटाने खालपर्यंत नेली आणि विचारलं, मी बसू शकेन का तिथे खुर्ची टाकून? बसता येतं, भजीवाल्या काकांच्या गाडीमागे सावली असते. नोव्हेंबरमध्ये न्यायचं ठरलं.

२ मार्च

रजिस्टरमध्ये पहिली नोंद आली. रत्नागिरीला लग्नाला गेलेल्या एका बाईंची: "पाणी उतरत होते, तुमच्या कार्डात आहे त्यापेक्षा अर्धा तास आधी. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड एक, हातातल्या माशासकट." कार्डाच्या पुढच्या खेपेला रत्नागिरीसाठी वेगळी ओळ लागणार.

धुळवडीला, १४ मार्चला, दोन कुटुंबं ऐरोलीला जाणार आहेत. पौर्णिमा, भरती बाराच्या सुमारास. ऐरोलीची बोट पाणी असतानाच सुटते, त्यामुळे ती वेळ रोज बदलते, आधी बुकिंगवाल्यांना विचारून मग गाडीचं तिकीट काढा असं सांगितलंय. मार्चमध्ये रोहित भरपूर असतात आणि काही वेडर आता तांबूस व्हायला लागलेले असतील, म्हणून त्यांना ते ९५० चं फोटोचं पुस्तकही नेऊ दिलं. पहिल्या पानावरच्या "किनाऱ्यावर नेऊ नका" च्या पुढे सरांनी कंसात लिहिलंय, "मार्चआधी".